मजुरी देणारा कोण? बारामती-इंदापूरच्या कामकऱ्याभोवतीच्या रेल्वे

१५ डिसेंबर १८५८ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेचा पुणे ते डिकसळ हा टप्पा वाहतुकीला खुला झाला. डिकसळ म्हणजे आजच्या इंदापूर तालुक्यातले, भिगवणजवळचे भीमाकाठचे गाव. पुढचा टप्पा, डिकसळ ते बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी), २३ ऑक्टोबर १८५९ ला सुरू झाला. मधले दहा महिने पुण्याहून सोलापूरच्या दिशेने येणारी आगगाडी डिकसळला संपत होती. रूळ १८६० च्या २३ जानेवारीला मोहोळला आणि ६ जूनला सोलापूरला पोहोचले.

या तारखा गॅझेटिअरमध्ये सहज सापडतात. त्याच रुळांवर घमेली वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या, पुढे गँगमन आणि सांधेवाले झालेल्या माणसांना कोणता मालक बरा वाटला, हे मात्र कुठल्याही एका पुस्तकात नाही. कागद लिहिले ते कंपनीच्या इंजिनिअरांनी, कलेक्टरांनी, आयोगांच्या चिटणीसांनी. कामकऱ्याने स्वतःहून लिहिलेले जवळजवळ काही नाही. तरीही त्याचे मत या कागदांत उमटले आहे. त्याने काम सोडले, दंगा केला, संप केला किंवा दावा लावला, तेव्हा तेव्हा अधिकाऱ्यांना कारण नोंदवावे लागले. ती कारणे काळाच्या क्रमाने शेजारी ठेवली की मालकांची तुलना आपोआप समोर येते, आणि ती ज्यांनी मजुरी केली त्यांनी केलेली असते. म्हणून या लेखात मी पगाराच्या आकड्यांपेक्षा काम सोडण्याच्या नोंदींवर जास्त भर दिला आहे.

पहिली गोष्ट ही की, १८५० च्या दशकात रेल्वेवर राबणाऱ्या मजुराचा मालक रेल्वे कंपनी नव्हतीच. कंपनी लंडनची, १८४९ च्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेली. तिने मार्गाचे तुकडे करून मक्तेदारांना दिले, मक्तेदारांनी पोटमक्तेदारांना, आणि त्यांनी टोळीच्या मुकादमाला. मजुरी मुकादमाच्या हातून मिळे. वरचा पैसा खाली यायला तीन-चार हात लागत, आणि एखाद्या हाताने मूठ मिटली तर मजुराने कोणाकडे जायचे, याला उत्तर नव्हते. कंपनीचा इंजिनिअर म्हणे, माझा करार मक्तेदाराशी आहे. मक्तेदार म्हणे, मी मुकादमाला पैसे पोचते केले आहेत.

याचा स्फोट आपल्या तालुक्यांत झाला नाही, बोरघाटात झाला. घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये विल्यम फॅव्हिएल या मक्तेदाराने सुरू केले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथे मजुरांचा उठाव झाला, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने मक्ता सोडला. पुढचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिच्या नावाने काम चालू राहिले. १८६१ मध्ये घाटावर सुमारे ४२,००० माणसे राबत होती, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. पाऊस लागला की मजूर घराकडे निघत, हेही त्या काळच्या वृत्तांतांत येते. अधिकाऱ्यांना ती बेशिस्त वाटे. मला त्यात शहाणपण दिसते. शेत हा त्यांचा हक्काचा आधार होता, आणि त्या काळी रेल्वेचा कुठलाच मक्तेदार तेवढ्या भरवशाचा नव्हता.

या उठावाचा परिणाम कायद्यात दिसतो. रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरचे मजूर आणि त्यांचे मालक यांच्यातले मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत, असा १८६० चा नववा कायदा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५९ चा तेरावा कायदा आला होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला त्याखाली तुरुंगात टाकता येत असे. दोन्ही एकत्र वाचले की त्या काळचे माप कळते. मजुराने करार मोडला तर तो गुन्हा होता. मक्तेदाराने मजुरी बुडवली तर तो तंटा होता.

तरीही रेल्वेच्या कामाने या भागात रोख पैसा आला, हे नाकारता येणार नाही. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने ते स्पष्ट नोंदवले आहे. रेल्वेच्या बांधकामामुळे मजुरीचे दर चढले, गाड्या-बैलांना काम मिळाले, पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढले, आणि शेतकऱ्याची पत वाढल्याने सावकाराने हात सैल सोडला. काम संपले, १८६५ नंतर कापूस पडला आणि तीच पत गळ्याशी आली. त्यातच इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी संपून १८६६-६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि सारा बराच वाढला. वाढीच्या समर्थनार्थ वाढलेले भाव आणि नव्याने आलेली रेल्वे ही कारणे पुढे केली गेली. रेल्वेने मजुरी दिली ती चार वर्षे, आणि रेल्वे आली म्हणून वाढलेला सारा मात्र दरसाल. १२ मे १८७५ रोजी दंग्याची पहिली ठिणगी पडली ती सुप्याला, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडे. लोकांनी सावकारांच्या घरांतून काढून जाळले ते रोखे आणि खतपत्रे. त्या कर्जांमागे शेतसारा, लग्नकार्य, अवर्षण अशी अनेक कारणे होती. तात्पुरत्या मालकाच्या रोख पैशाच्या भरवशावर वाढलेली पत हेही त्यातले एक होते, असे आयोगाचा अहवाल वाचून माझे मत झाले आहे.

दुसरा मालक सरकार. १८७६ चा पाऊस गेला आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत, म्हणजे भीमथडी आणि इंदापुरात, दुष्काळ पडला. दुष्काळी कामे निघाली. त्यांत दोन मोठी होती, दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम आणि नीरा कालवा. बारामती-इंदापूरच्या माणसापुढे पहिल्यांदाच दोन सार्वजनिक कामांतून एक निवडण्याची वेळ आली, आणि तीही पोटात अन्न नसताना.

या कामांच्या मजुरीचे नियम गॅझेटिअरमध्ये तपशिलाने दिले आहेत. नोव्हेंबर १८७६ पासून धान्याच्या भावाशी जोडलेला दर आला, आणि पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा मिळू लागला. जानेवारी १८७७ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने पाठवलेले सर रिचर्ड टेंपल आले आणि काटकसर सुरू झाली. मुलकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालच्या, गावाजवळच्या कामांवर पुरुषाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि अर्धा आणा एवढी खाली आली. बाईला पौंडभर धान्याची किंमत आणि पाव आणा. धडधाकट माणसांनी बांधकाम खात्याच्या लांबच्या मोठ्या कामांवर जावे, असा त्यामागचा हेतू होता. गावाजवळ राहायचे तर अर्धपोटी राहा, आणि पोटभर हवे तर मैलोन् मैल चाला, अशी ही व्यवस्था होती.

लोकांनी तिसरी वाट धरली. पुणे, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतल्या हजारो मजुरांनी कामेच सोडली. सरकारी कागदांत याला दुष्काळी मजुरांचा संप म्हटले आहे. उपाशी माणूस मजुरी नाकारतो, ही घटना तेव्हाच्या अधिकाऱ्यांना समजली नाही. काहींनी त्यामागे चिथावणी पाहिली. पुणे सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या काळातल्या त्या सभेने, गावोगावची माहिती जमवून सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली आणि एक पौंडाची मजुरी अपुरी आहे हे सातत्याने मांडले. मला ही पत्रे फार मोलाची वाटतात. मजुरी देणाऱ्याचा हिशेब मजुराच्या बाजूने तपासणारा या भागातला तो पहिला संघटित प्रयत्न आहे.

दौंड-मनमाड हा १४६ मैलांचा मार्ग १८७८ मध्ये खुला झाला, आणि पुढे तो जीआयपीनेच चालवला. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. दोन्ही कामांना हीच माणसे राबली. पण कालव्याने नंतर त्यांना ऊस दिला, म्हणजे कायमचे काम दिले. लोहमार्गाने थोड्यांना नोकरी दिली आणि बाकीच्यांना घरी पाठवले. बारामतीच्या पुढच्या शंभर वर्षांचा कल या फरकातून समजतो.

ज्यांना रेल्वेत नोकरी मिळाली त्यांच्यापुढे, विसावे शतक उजाडेपर्यंत, एक नव्हे तीन कंपन्या होत्या. बारामती मध्यभागी धरून नकाशा पाहावा. उत्तरेला जीआयपी, म्हणजे केडगाव, पाटस, दौंड, भिगवण. पश्चिमेला नीरा आणि लोणंद ही सदर्न मराठा रेल्वेची स्थानके. तिची पुण्याहून मिरज-बेळगावकडे जाणारी मीटरगेज १८९० मध्ये पूर्ण झाली होती, आणि १९०८ मध्ये ती मद्रास अँड सदर्न मराठा झाली. पूर्वेला कुर्डुवाडीहून निघणारी बार्शी लाइट रेल्वे, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची गाडी. ती १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली, नंतर पंढरपूर आणि लातूर गाठून १९२७ मध्ये मिरजेला टेकली. कॅल्थ्रॉप आधी जीआयपीतच नोकरीला होता. याशिवाय १९१४ च्या सुमारास दौंड-बारामती ही छोटी अडीच फुटी लाईन आली. ती चालवायला जीआयपीच होती, त्यामुळे बारामतीच्या माणसाला घरच्या स्टेशनावरही मालक तोच भेटला.

जीआयपी सर्वांत मोठी. दौंडला इंजिनांची शेड, रेल्वे कॉलनी, बदलीची सोय, आणि खलाशापासून वर चढण्याची निदान कागदावर तरी वाट. पण ती वाट एका ठिकाणी थांबत असे. वरच्या जागा युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी राखल्यासारख्या होत्या, आणि सारख्याच कामाला पगार वेगळा होता. १८९९ मध्ये जीआयपीच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारमास्तरांनी, संप केला तो पगार, कामाचे तास आणि हा भेदभाव यांवरून. टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांची बाजू घेतली. संप करणारे हे शिकलेले, इंग्रजी येणारे लोक होते, आणि त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रात आले. गँगमनचे कोणी छापले नाही. मुकादमाच्या हाताखाली उन्हापावसात आपल्या मैलांची काळजी घेणारा, पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रूळ तपासत चालणारा हा माणूस कागदांत आढळतो तो अपघाताच्या नोंदीत किंवा दंडाच्या यादीत.

बार्शी लाइट लहान होती. तिचे सगळे जग कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज एवढेच. पंढरपूरच्या वारीला तिच्या गाड्यांना श्वास घ्यायला फुरसत नसे, आणि एरवी मालगाड्या कापूस, गळिताचे धान्य वाहत. लहान कंपनीत बदली घरापासून फार लांब होत नाही, मोठा साहेबही ओळखीचा असतो. पण तिचा करार भारतमंत्र्यांशी झालेला होता, आणि ठरलेल्या मुदतींनंतर सरकारला ती विकत घेता येत होती. नोकरीवर लागणाऱ्या बार्शीच्या पोराला या कलमाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पुढे त्याच कलमाने त्याच्या नोकरीचा निकाल लागला.

याच बार्शी लाइटने इंदापूर तालुक्याला आणखी एक मालक दिला. वालचंद हिराचंद यांनी ठेकेदारीची सुरुवात केली ती रेल्वेतून बाहेर पडलेल्या फाटकांच्या भागीदारीत, आणि त्यांचे पहिले मोठे काम या छोट्या रेल्वेचेच होते. पुढे त्यांच्याच कंपनीने इंदापूर तालुक्यात कळंबला जमीन घेतली आणि १९३० च्या दशकात तिथे साखर कारखाना उभा राहिला. त्याचे गाव म्हणजे वालचंदनगर. त्यामुळे इंदापूरच्या तरुणाच्या तुलनेत रेल्वेबरोबर साखर कारखानाही आला. कारखान्यात हंगाम संपला की काम आटपे, रेल्वेत बारमाही पगार होता. माझ्या मते या भागात ‘रेल्वेत लागला’ या शब्दांना जी प्रतिष्ठा आली ती इथून. मोठ्या पगारापेक्षा दर महिन्याला येणारा पगार हे तिचे कारण.

आता १९२५ कडे यावे, कारण तुलना खरी तिथे रंगते. सरकारने जीआयपी १९०० मध्येच विकत घेतली होती, पण कारभार कंपनीकडे ठेवला होता. १ जुलै १९२५ पासून कारभारही सरकारने घेतला. मद्रास अँड सदर्न मराठा १९४४ पर्यंत कंपनीच्याच हाती राहिली, आणि बार्शी लाइट १९५४ उजाडेपर्यंत. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे बारामतीच्या माणसाला एका दिशेला सरकारी रेल्वे आणि दोन दिशांना कंपनीच्या रेल्वे होत्या.

सरकारी मालक चांगला ठरला का? ४ फेब्रुवारी १९३० रोजी जीआयपीत मोठा संप झाला, तो सरकारी कारभाराच्या पाचव्या वर्षी. संप एप्रिलपर्यंत मोडला, आणि संपात उतरलेल्या अनेकांना परत कामावर घेण्याचा प्रश्न पुढे लांबत गेला. त्याच सुमारास व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालचा कामगार आयोग देशभर साक्षी घेत होता. १९३१ च्या त्याच्या अहवालात रेल्वेवरचे आठ लाखांहून अधिक कामगार, त्यांचे कर्ज, नेमणुकीतला वशिला, कमी पगाराच्या अनेकांना प्रॉव्हिडंट फंडातून वगळणे, हे सगळे आहे. १९३० च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात कामाच्या तासांना मर्यादा आली. सतत काम असलेल्यांना आठवड्याला सरासरी ६० तास, अधूनमधून काम असलेल्यांना ८४. जीआयपीत ती १९३२ मध्ये लागू झाली, ती आधी सरकारी रेल्वेंवर आणली गेली म्हणून. मद्रास अँड सदर्न मराठाला ती यायला आणखी काही वर्षे लागली. दौंडचा सांधेवाला आणि नीरेचा सांधेवाला एकच काम करत असताना एकाच्या तासांना कायदा होता आणि दुसऱ्याच्या नव्हता.

त्यामुळे सरकार दयाळू होते आणि कंपन्या क्रूर, असा निष्कर्ष कागदांवरून निघत नाही. १८७७ ची अर्ध्या आण्याची मजुरी सरकारचीच होती. निघतो तो एवढाच की सरकारला कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रात जाब विचारता येत होता, आणि कंपनीचा जाब लंडनच्या भागधारकांच्या सभेत थांबत होता. बारामती-इंदापूरचा कामकरी सरकारी नोकरीकडे वळला तो या फरकामुळे.

बार्शी लाइटचा शेवट हे त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण. २४ ऑक्टोबर १९५३ पासून औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीच्या भरपाईचे नवे कलम लागू झाले. रेल्वे सरकार घेणार हे तोपर्यंत ठरलेच होते. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी कंपनीने सर्व नोकरांना नोटीस दिली की ३१ डिसेंबरला त्यांची नोकरी संपेल. १ जानेवारी १९५४ रोजी रेल्वे सरकारची झाली, आणि जे तयार होते त्यांतल्या बहुतेकांना सरकारने नव्या अटींवर घेतले. कामगारांचे म्हणणे असे की कंपनीने आम्हाला काढले, तर कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी. मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू टिकली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. या अपिलात कामगारांच्या बाजूने के. एन. जोगळेकर यांचे नाव आहे, आणि दुसऱ्या एका गिरणीच्या प्रकरणाबरोबर ते हरिप्रसाद शुक्ल विरुद्ध दिवेलकर या नावाने ओळखले जाते. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. चालू धंद्यातून जादा माणसे काढणे म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर ती कपात नव्हे, आणि भरपाई देय नाही.

निकालाने देशभरच्या कामगारांच्या पायाखालची जमीन सरकली, म्हणून १९५७ मध्ये संसदेने कायदा सुधारला. मालकी बदलली किंवा धंदा बंद झाला तरी भरपाई मिळण्याची तरतूद कलम २५ एफएफ आणि २५ एफएफएफ यांत आली. ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू केली गेली, ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाइटच्या कामगारांची नोकरी त्याच्या जवळजवळ तीन वर्षे आधी संपली होती. ज्यांच्या दाव्यामुळे हा कायदा झाला, त्यांना तो लागू झाला नाही.